रतन एका हाकेत का येत नसे

संध्याकाळ झालेली असते. गावातल्या गोठ्यांतून धुराची वेटोळी वर चढत असतात, झाडीत रातकिडे किरकिरत असतात, लांब कुठेतरी बाउल पंथाच्या गायकांची मंडळी खोल-करताल वाजवत मोठ्यानं गात असतात. अंधारात एकटा बसलेला पोस्टमास्तर खोलीच्या कोपऱ्यात मिणमिणता दिवा लावतो आणि हाक मारतो, "रतन."

रतन दाराशीच बसलेली असते, ह्याच हाकेची वाट बघत. पण एका हाकेत ती आत येत नाही. बाहेरूनच विचारते, "काय हो बाबू, कशाला बोलावताय?"

रवींद्रनाथ टागोरांची 'पोस्टमास्टर' ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कॉलेजात होते, आणि हे वाक्य माझ्या नजरेतून साफ निसटलं होतं. आता मला वाटतं की सगळी गोष्ट तिथूनच उलगडायला लागते. जिला दिवसभरात नावानं हाक मारणारं दुसरं कुणी नाही, तिला ती हाक दोनदा ऐकायची असते.

कथा १८९१ची, 'हितबादी' नावाच्या बंगाली साप्ताहिकात आलेली. जेमतेम काही पानांची. रवींद्रनाथ तेव्हा तिशीत होते आणि घरच्या जमीनदारीचं काम बघायला पूर्व बंगालात, शिलाइदह-शहाजादपूर भागात राहत होते. शहाजादपूरच्या त्यांच्या कोठीच्या खालच्या मजल्यावर पोस्ट होतं, तिथल्या पोस्टमास्तरांशी रोज भेट व्हायची. जून १८९२च्या एका पत्रात त्यांनी लिहिलंय की ही गोष्ट त्यांनी त्याच घरात एका दुपारी लिहिली, आणि छापून आल्यावर ते पोस्टमास्तर लाजत-हसत तिचा विषय काढायला आले. म्हणजे माणूस समोरचा होता. रतन कुठून आली, ते मात्र त्या पत्रात नाही.

गोष्टीत घडतं ते फार थोडं. उलापूर नावाचं लहानसं खेडं. जवळ निळीचा कारखाना, आणि तिथल्या साहेबाच्या खटपटीनं सुरू झालेलं नवं पोस्ट. कलकत्त्याचा एक तरुण तिथे पोस्टमास्तर म्हणून येतो. कचेरी म्हणजे शाकारलेली अंधारी झोपडी, शेजारी शेवाळलेलं तळं, भोवती रान. कारखान्याच्या गुमास्त्यांना फुरसत नाही, आणि भद्र घरातल्या शिकल्या-सवरल्या मुलाशी त्यांचं जमण्यासारखंही नाही. पगार अगदी थोडा, स्वयंपाक स्वतःच करायचा. गावातली एक अनाथ मुलगी त्याची वरकामं करते आणि त्या बदल्यात तिला थोडंफार खायला मिळतं. ही रतन, वय बारा-तेरा.

दोघंही एकटी आहेत, हे कुणालाही दिसतं. ती दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी एकटी आहेत, हे मात्र चटकन लक्षात येत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले. एक, ज्यात आपल्यासारख्या माणसांचा घोळका हरवलेला असतो: गप्पा, ओळखीपाळखी, आपली भाषा कळणारी चार माणसं. दुसरा, ज्यात एक जिवाभावाचं माणूस नसतं, जे आपल्याला धरून आहे आणि ज्याला आपण धरून आहोत असं. वाइस यांच्या म्हणण्यातला कळीचा भाग असा की एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. ज्याला जिवलग नाही त्याला शंभर ओळखीची माणसं पुरत नाहीत. आणि ज्याला आपली दुनिया हरवल्यासारखं झालंय, त्याला एकट्या कुणाची माया तिथे बांधून ठेवू शकत नाही.

पोस्टमास्तरचा एकटेपणा मुख्यतः पहिल्या जातीचा. जिवलग त्याला आहेत: आई, मोठी बहीण, धाकटा भाऊ. ती फक्त दूर आहेत. त्याला हवंय कलकत्ता. वेळ जात नाही म्हणून तो कविता लिहायला बसतो. दिवसभर पानांचं थरथरणं आणि आभाळातले ढग बघत जगण्यात केवढं सुख, असं काहीबाही लिहितो. त्यावर रवींद्रनाथ सांगतात की अरबी गोष्टींतला एखादा राक्षस येऊन त्यानं एका रात्रीत ही सगळी झाडं तोडून पक्का रस्ता केला असता, आणि उंच इमारतींच्या रांगा उभ्या करून ढग झाकून टाकले असते, तर ह्या अर्धमेल्या जिवात पुन्हा जीव आला असता.

रतनचा एकटेपणा दुसरा. गाव तिचंच आहे. तळं, पेरूचं झाड, रस्ते, सगळं ओळखीचं. नाही ते एकच: आपलं म्हणावं असं माणूस. पोस्टमास्तर तिला विचारतो, "तुला आई आठवते का ग?" तिला काही आठवतं, काही नाही. आईपेक्षा बापाचा तिच्यावर जास्त जीव होता. तो संध्याकाळी घरी यायचा, त्यातल्या एक-दोन संध्याकाळी तिच्या मनात चित्रासारख्या राहिल्यात. एक धाकटा भाऊ होता. पावसाळ्यात एकदा डबक्याच्या काठी मोडक्या फांदीचा गळ करून दोघं खोटं खोटं मासे धरत होती, ते तिला मोठमोठ्या घटनांपेक्षाही जास्त आठवतं. बोलता बोलता ती त्याच्या पायांशी जमिनीवर बसते. रात्र होते, पोस्टमास्तरला स्वयंपाकाचा कंटाळा येतो, सकाळची भाजी उरलेली असते, आणि रतन लगबगीनं चूल पेटवून चार पोळ्या भाजून आणते.

मग तोही आपल्या घरच्यांबद्दल बोलतो. ज्या गोष्टी सतत मनात येतात आणि निळीच्या गुमास्त्यांपुढे मुळीच काढता येत नाहीत, त्या तो ह्या अडाणी पोरीला सांगतो आणि त्यात त्याला काही विचित्र वाटत नाही, असं कथेत आहे. का वाटत नाही? कारण तिच्यापुढे त्याची प्रतिष्ठा जात नाही. गुमास्त्याला 'आईची आठवण येते' म्हटलं तर तो हसेल, चारचौघांत सांगेल. रतन कुणाला सांगणार? मोलकरणीपुढे, पोरासोरांपुढे माणसं मन मोकळं करतात त्यात विश्वास असतोच, पण समोरचं माणूस आपल्या हिशेबात नाही ही निश्चिंतीही असते.

तिच्याकडे ह्याचा अर्थ अगदी निराळा पोचतो. ती त्याच्या घरच्यांना आई, दीदी, दादा म्हणायला लागते, जन्मभराची ओळख असल्यासारखी. न पाहिलेल्या त्या माणसांचे चेहरेसुद्धा तिनं मनात रंगवलेले असतात. तो बोलून मोकळा होतो, आणि ती त्याच्या बोलण्यात घर बांधते.

आता दोघांच्या बोलण्याची भाषा बघा. बंगालीत आपल्या 'तू'सारखा 'तुइ' आहे, 'आपण'सारखा 'आपनि' आहे, आणि मध्ये 'तुमि' आहे. पोस्टमास्तर शेवटपर्यंत रतनला 'तुइ' म्हणतो. लहान मुलीला, नोकराला म्हणतात तसं. मायेनंही म्हणतात आणि हलकं लेखूनही. रतन त्याला 'तुमि' म्हणते. आणि हाक? सुरुवातीला 'बाबू'. पुढे 'दादाबाबू'. दादा म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको, आणि बाबू म्हणजे मालक. त्या एका शब्दाचा पहिला अर्धा भाग रतननं जोडलाय, दुसरा अर्धा समाजानं. पोस्टमास्तरला बहुतेक फक्त दुसरा ऐकू येत असावा.

हा बदल ज्या दुपारी प्रथम दिसतो ती कथेतली सर्वांत सुंदर दुपार आहे. पावसाळ्यातला उघाडीचा दिवस, ऊबदार वारा, ओल्या गवताचा वास, आणि एक पाखरू सारखं तक्रार करतंय. पोस्टमास्तरला वाटतं, ह्या वेळी जवळ कुणीतरी आपलं असायला हवं होतं. तो हाक मारतो. रतन पेरूच्या झाडाखाली पाय पसरून कच्चा पेरू खात बसलेली असते. ह्या वेळी ती अडून बसत नाही. धावत, धापा टाकत येते आणि म्हणते, "दादाबाबू, बोलावलंत?" तो म्हणतो, तुला मी थोडं थोडं वाचायला शिकवीन. सगळी दुपार अ, आ घोटण्यात जाते. थोड्याच दिवसांत ती जोडाक्षरांपर्यंत पोचते.

त्याला त्या दुपारी कुणीतरी हवं होतं, आणि रतन हाकेच्या अंतरावर होती. तिला मात्र तोच हवा होता. 'कुणीतरी' आणि 'तोच', ह्या दोन शब्दांमधल्या फरकाला मी विषम ओढ म्हणते. ह्यात खोटेपणा नाही, फसवणूक नाही. त्याला त्या दिवशी जे वाटलं ते खरंच होतं. फक्त त्याच्या मायेला तिचं नाव जोडलेलं नव्हतं.

मग श्रावण. पाऊस थांबत नाही, ओढे-नाले-डबकी तुडुंब, रस्ते बंद, बाजाराला नावेनं जायचं. अशात तो तापानं पडतो. रतन पुस्तकं घेऊन दाराशी हाकेची वाट बघत बसते, हाक येत नाही, म्हणून शेवटी आपणच हळूच आत जाते. तो म्हणतो, बघ ग माझ्या कपाळाला हात लावून. आणि तिथे रवींद्रनाथ लिहितात की ती पोर पोर राहिली नाही, त्या क्षणी तिनं आईची जागा घेतली. वैद्याला बोलावून आणते, वेळेवर गोळ्या देते, रात्रभर उशाशी बसते, पथ्याचं रांधते आणि शंभरदा विचारते, "दादाबाबू, थोडं बरं वाटतंय का?"

काही वाचक रतनच्या ओढीला प्रेमकथा ठरवतात. मला ते पटत नाही. ती मोलकरीण आहे, विद्यार्थिनी आहे, बहीण आहे आणि एका आजारपणापुरती आई आहे. ज्याला एकही नातं नाही त्याला एक माणूस मिळालं की सगळी नाती त्या एकाच माणसावर येऊन पडतात. ओझं तिथेच होतं. पोस्टमास्तरची माया चार ठिकाणी वाटलेली होती, आणि रतनची सगळी एका जागी.

तो बरा होतो तो एक निश्चय करून: इथून बदली. हवा मानवत नाही म्हणून कलकत्त्याला अर्ज करतो. रतन पुन्हा दाराशी बसते. हाक येत नाही. मधूनच डोकावते तर तो अर्जाच्या उत्तराची वाट बघत शून्यात बसलेला. ती जुने धडे हजारदा घोकते. भीती एकच: अचानक हाक आली आणि जोडाक्षरांत गडबड झाली तर! दारातून आत तो अर्जाची वाट बघतोय, दाराबाहेर ती हाकेची, मध्ये एक उंबरठा. हे चित्र मला शेवटच्या प्रसंगापेक्षा जास्त लागतं.

आठवड्यानं हाक येते. "रतन, मी उद्याच चाललो." कुठे? घरी. परत कधी येणार? येणार नाही. अर्ज नामंजूर झालाय, म्हणून नोकरी सोडलीय, हे तो आपणहून सांगतो. ती विचारत नाही. दिवा मिणमिणत राहतो, गळक्या छपरातून मातीच्या परळात पाणी टपटपत राहतं. ती पोळ्या करायला उठते, पण आज तिचा हात रोजच्यासारखा चालत नाही. जेवण झाल्यावर एकदम विचारते, "दादाबाबू, मला तुमच्या घरी न्याल?"

तो हसतो. म्हणतो, "ते कसं होईल!"

का होणार नाही, हे तिला समजावून सांगायची त्याला गरज वाटत नाही. आपल्याला आज ती कारणं उकलून बघता येतात. परक्या घरची अनाथ पोर कलकत्त्याच्या भद्र घरात कोण म्हणून राहणार? आणि तिचं वय. १८९१ हेच ते संमतिवयाच्या कायद्याचं वर्ष, ज्यावरून टिळक आणि आगरकर आमनेसामने उभे राहिले आणि बंगालातही तेवढीच आग उठली. मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढ्यावरून तो सगळा वाद. त्या काळात बारा-तेरा वर्षांची, लग्न न झालेली, आणि कथेच्याच शब्दांत लग्नाची फारशी शक्यता नसलेली मुलगी घरी नेणं साधी गोष्ट नव्हती. म्हणून त्याचा नकार समजू शकतो. त्याच्या हसण्याचं काय करायचं? रात्रभर, झोपेत आणि जागेपणी, तिच्या कानात तेच हसणं घुमत राहतं. नकारानं एक दार बंद झालं असतं. हसण्यानं तिला कळलं की तिथे दार आहे हेच त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

पहाटे उठून तो बघतो तर आंघोळीचं पाणी तयार. कलकत्त्याच्या सवयीनं तो भरलेल्या पाण्यानं आंघोळ करायचा. किती वाजता निघणार हे विचारायचं तिच्यानं झालं नव्हतं, म्हणून तिनं रात्रीच नदीवरून पाणी आणून ठेवलेलं असतं.

निघताना तो म्हणतो, काळजी करू नकोस, माझ्या जागी येणाऱ्या बाबूंना सांगून जाईन, ते तुला माझ्यासारखंच सांभाळतील. मनापासून म्हणतो. आणि जिनं मालकाचं रागावणं कित्येकदा निमूट सोसलंय, ती ह्या प्रेमळ वाक्यावर हुंदके देऊन रडते: कुणाला काही सांगू नका, मला इथे राहायचं नाही. तो चकित होतो, कारण रतनला असं त्यानं कधी पाहिलेलं नाही.

इतकं चांगलं बोलणं तिला का सोसवलं नाही? पोस्टात माणूस बदलला की चार्ज द्यायचा असतो: शिक्के, तिकिटं, वह्या, शिल्लक. नवा माणूस सगळं मोजून घेतो. त्या यादीत त्यानं नकळत तिलाही घातलं. 'माझ्यासारखंच सांभाळतील' ह्याचा अर्थ, माझी जागा दुसरा घेऊ शकतो. तिच्या लेखी ती जागा नव्हती, माणूस होतं. मग वाटखर्च वजा करून तो आपला सगळा पगार तिच्यापुढे धरतो. हा कंजूस माणूस नाही, असेल नसेल ते देतोय. ती त्याच्या पाया पडते, मला काही देऊ नका, माझ्यासाठी कुणी काही विचार करू नका, असं विनवते आणि पळून जाते. पैसे घेतले असते तर इतक्या दिवसांचं सगळं मजुरी ठरलं असतं. हिशेब चुकता. हिशेब चुकता होऊ न देणं एवढंच तिच्या हातात होतं.

विलार्ड वॉलर ह्या समाजशास्त्रज्ञानं १९३८ मध्ये नात्यांबद्दल एक साधं निरीक्षण मांडलं होतं: ज्याला ते नातं टिकण्याची गरज कमी, त्याच्या हाती त्या नात्याची सूत्रं. सत्ता गाजवायचा हेतू नसला तरी. उलापुरात कोण कधी हाक मारणार, धडा कधी होणार, कधी बंद पडणार, किती वाजता निघायचं, हे सगळं एकाच बाजूनं ठरतं. पोस्टमास्तर दुष्ट असता तर ही कथा सोपी झाली असती. तो भला आहे, हळवा आहे, आणि तरीही असं होतं. मला वाटतं रवींद्रनाथांना हेच दाखवायचं होतं, आणि म्हणूनच त्यांनी त्याला नावसुद्धा दिलं नाही, नुसता हुद्दा दिला.

सत्यजित राय यांनी १९६१ साली 'तीन कन्या' चित्रपटात ही कथा घेतली तेव्हा शेवट बदलला. तिथली रतन पैसे नाकारायलासुद्धा थांबत नाही. जड बादली घेऊन त्याच्या समोरून, त्याच्याकडे न बघता निघून जाते, आणि नव्या बाबूंना पाणी आणल्याचं सांगणारा तिचा आवाज तेवढा ऐकू येतो. त्या मुलीचा ताठा मला आवडतो. पण मूळ कथेतली रडणारी रतन मला जास्त खरी वाटते, कारण तिला अजून स्वतःला झाकून घेता येत नाही.

हमालाच्या डोक्यावर निळ्या-पांढऱ्या रेघांची पत्र्याची पेटी, खांद्यावर छत्री. नाव सुटते. भरल्या नदीत मध्यावर आल्यावर त्याच्या काळजात कळ उठते, परत जावं, त्या अनाथ पोरीला घेऊन यावं. पण शिडात वारा भरलाय, ओढ जोरात आहे, गाव मागे पडून काठावरचं स्मशान दिसायला लागलंय. मग त्याला तत्त्वज्ञान सुचतं: आयुष्यात असे किती वियोग, किती मरणं, परत जाऊन काय होणार? 'पृथिबीते के काहार', जगात कोण कुणाचं? आपल्याकडेही मयताहून परतताना माणसं हेच बोलतात. ते खोटं नाही. पण बोलणाऱ्याला पुढे घर असतं. रतनच्या मनात असलं कुठलंही तत्त्वज्ञान उगवलं नाही, असं कथा लगेच सांगते.

ती रडत पोस्टाच्या घराभोवती फिरत राहते. दादाबाबू परत येईल अशी पुसटशी आशा तिला असावी. शेवटी रवींद्रनाथ मानवी मनाच्या भाबडेपणाबद्दल काही ओळी लिहितात: मन खोट्या आशेला उराशी कवटाळून बसतं, एक दिवस ती आशा सगळ्या शिरा तोडून, रक्त शोषून निघून जाते, तेव्हा कुठे शुद्ध येते, आणि लगेच दुसऱ्या भ्रमात सापडायला मन आतुर होतं. हे एकट्या रतनबद्दल नाही, पण तिच्याबद्दलही आहे. कचेरीत नवा बाबू आलेला आहे.

एक गोष्ट ही कथा कितव्यांदा तरी वाचताना माझ्या ध्यानात आली, आणि तेव्हापासून मनातून जात नाही. हा माणूस पोस्टखात्यातला. रतनला त्यानंच जोडाक्षरांपर्यंत आणलेलं; साधं पत्र तिला लावता आलं असतं. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९ पासून निघालं होतं, किंमत एक पैसा. निघताना तो तिला पगार देऊ करतो, नव्या बाबूंचा आधार देऊ करतो. 'पोचलो की पत्र टाकीन' एवढं तो म्हणत नाही. ते त्याला सुचतच नाही. आणि ती ज्या घराभोवती फिरतेय, ते पोस्टाचंच आहे.